प्रवेशयादी लागल्यानंतर

आज २६ जून, राजर्षी शाहू महाराजांची जयंती. महाराष्ट्र हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतो. नेमक्या याच दिवसांत राज्यभर प्रवेशाची धावपळ चालू असते. सेतू केंद्रांपुढे रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला मिळाला तर नॉन-क्रिमीलेअर अडकते, ते हाती आले तर जात पडताळणीचे काम पुढे ढकलले जाते. या सगळ्यातून वाट काढत असंख्य घरांतली पहिलीच मुले-मुली या पावसाळ्यात कॉलेजात पाऊल टाकतील. यादीत नाव लागले की घरी पेढे येतात, गावात फलक लागतो, सत्कार होतो. तेच मूल दिवाळीनंतरही वर्गात बसलेले आहे का, याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करते. आजच्या दिवशी आम्हाला त्या मधल्या महिन्यांविषयी बोलायचे आहे.

शाहू महाराजांना हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी उमगला होता. कोल्हापुरात शाळा होत्या, राजाराम कॉलेज होते. बहुजन समाजातली मुले मात्र तिथे फारशी दिसत नव्हती. महाराजांनी आधी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. नियमाने ते सर्वांना खुले होते. प्रत्यक्षात त्याचा लाभ पिढ्यान्‌पिढ्या शिकत आलेल्या घरांतल्या मुलांनाच अधिक झाला. दार उघडे आहे, ज्यांना यायचे त्यांनी यावे, असे म्हणून त्यांना हात झटकता आले असते. त्यांनी तसे केले नाही. शिक्षण ज्या घरांत कधी पोहोचलेच नव्हते, तिथल्या मुलांसाठी वेगळी सोय लागेल हे त्यांनी ओळखले आणि वसतिगृहांची रांगच उभी केली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, त्यानंतर लिंगायत बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. २६ जुलै १९०२ चा राखीव जागांचा हुकूम सगळ्यांच्या स्मरणात आहे. वसतिगृहांचे काम त्याला जोडूनच पाहायला हवे. राखीव जागेवर बसणारा माणूस तयार व्हावा लागतो, आणि तो तयार होईपर्यंत त्याच्या जेवणाची, निजण्याची, सोबतीची काळजी कोणीतरी वाहावी लागते.

गरीब घरातल्या मुलाने कॉलेजशी जुळवून घ्यावे, हे आपण सारेच गृहीत धरतो. त्या मुलाशी जुळवून घेणे हे आधी कॉलेजचे काम आहे. शाहू महाराजांनी तेव्हा जे केले त्याचा अर्थ आजच्या भाषेत एवढाच होतो.

ही मुले नेमकी कुठे अडतात ते नीट पाहू. पहिली गोष्ट पैशाची. पैसे नसणे ही अडचण सर्वांना कळते; वेळेवर नसणे ही वेगळी अडचण आहे आणि ती अधिक नडते. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण तिचा अर्ज प्रवेशानंतर भरायचा, मग कॉलेजने तो पडताळायचा, मग खात्याने मंजूर करायचा, मग आधारशी जोडलेल्या बँक खात्यात हप्ता यायचा. तेवढ्यात सत्र संपत येते. फी, घरभाडे आणि मेसचे पैसे मात्र पहिल्याच आठवड्यात द्यावे लागतात. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. ती पक्की करण्यासाठी १७,५०० रुपये भरायचे होते. घरच्यांनी कसेबसे पैसे जमवले, पण संकेतस्थळ बंद होण्याच्या वेळेआत ते भरले गेले नाहीत आणि जागा हातची गेली. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदातील विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. त्याला न्याय मिळाला याचा आनंद आहे. पण एवढ्या रकमेसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला विशेष अधिकार वापरावा लागतो, यातच आपल्या व्यवस्थेचे दुखणे कळते. दिल्ली गाठू न शकलेली, मुकाट घरी परतलेली मुले किती असतील, याचा विचार प्रत्येक संस्थाचालकाने करावा.

दुसरी गोष्ट राहण्या-जेवणाची. पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात, नागपुरात बाहेरगावची मुले कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार-पाच कॉट, अनामत आणि महिन्याचे भाडे आधी. मेस परवडत नाही म्हणून अनेकजण एकाच वेळचा डबा लावतात. दुसरे जेवण वडापाव किंवा पोह्यांवर निघते. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, तेव्हा तेही नाही. सरकारी वसतिगृहाची यादी लागेपर्यंत वर्ग सुरू होऊन बरेच दिवस गेलेले असतात. तोवर मूल कुणा गाववाल्याच्या खोलीत पाहुणा म्हणून राहते. अर्धपोटी आणि परक्याच्या अंथरुणावर राहणाऱ्या मुलाने पहिल्या चाचणीत चमकावे ही अपेक्षा माणुसकीला धरून नाही. शासनाने २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. हा निर्णय मोठा आहे आणि त्याचे स्वागतच व्हायला हवे. त्या मुलींना अजूनही एसटीचा पास, पुस्तके आणि सुरक्षित खोली यांचा खर्च आहेच, आणि बाप अनेकदा ‘खोली कुठे मिळते’ यावरच तिचे शिक्षण ठरवतो.

तिसरी गोष्ट भाषेची. दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलेले मूल अकरावीत इंग्रजी पुस्तक उघडते आणि अभियांत्रिकीला किंवा फार्मसीला गेल्यावर सगळेच इंग्रजीत ऐकते. शंका मनात मराठीत येते. ती इंग्रजीत जुळवेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. चार-पाच वेळा असे झाले की मूल शंका विचारणेच सोडते आणि शेवटच्या बाकावर सरकते. सातपुड्यातल्या पावरी किंवा मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलांना तर प्रमाण मराठीही शाळेतच भेटलेली असते. त्यांच्यासाठी इंग्रजी ही तिसरी पायरी. अशा मुलाला ‘कच्चा’ म्हणणाऱ्या शिक्षकाने एकदा तोच प्रश्न त्याच्या भाषेत विचारून पाहावा. बहुतेक वेळा उत्तर तयार असते.

चौथी गोष्ट कुठे लिहिलेली नसते. जर्नल कधी तपासून घ्यायचे, सबमिशन चुकले तर कुणाला भेटायचे, हजेरी कमी पडली की डिफॉल्टर यादीत नाव कसे जाते, एटीकेटी म्हणजे काय, प्राध्यापकांच्या केबिनमध्ये शिरावे की बाहेर थांबावे. ज्यांचे आईवडील शिकलेले आहेत त्यांना हे घरी जेवताना कळते. ज्याच्या घरी कॉलेज कुणी पाहिलेले नाही, त्याने विचारायचे कुणाला? विचारले तर हसतील, ही भीती वेगळी. फ्रेशर्स पार्टीची वर्गणी, ट्रॅडिशनल डेचा पोशाख, प्रोजेक्टसाठी लॅपटॉप, या प्रत्येक ठिकाणी ‘मला जमणार नाही’ हे शब्द तोंडून काढावे लागतात. ते टाळण्यासाठी मूल त्या दिवशी कॉलेजलाच जात नाही. गैरहजेरी सुरू होते ती अशी, आणि कार्यालयात तिची नोंद निष्काळजीपणा म्हणून होते.

पाचवी ओढ घराची. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीचे तांडे निघतात. बीडच्या मुलाचे आईवडील कोल्हापूर-सांगलीकडे किंवा थेट कर्नाटकात जातात. मागे आजी, लहान भावंडे, जनावरे राहतात आणि नेमकी सत्रपरीक्षा येते. मूल पुस्तके घेऊन गावी जाते आणि तिकडेच अडकते. मुलींच्या बाबतीत कुणाच्या तोंडून एखादे स्थळ येते, नाहीतर घरी कोणीतरी आजारी पडते, आणि ‘दोन महिन्यांनी जा’ म्हणत तिचे वर्ष जाते. यात घरच्यांना दोष देऊन काही साधत नाही. पोटाचे गणित सांभाळणाऱ्यांनी शिक्षणासाठी जमेल तेवढे केलेलेच असते. कॉलेजला हे कळले असते, एक फोन गेला असता, परीक्षेपुरती राहण्याची सोय झाली असती, तर त्यातली कितीतरी मुले परत आली असती.

योजनांची कमतरता आहे, असे म्हणता येणार नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिक्षणशुल्क शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. हे सारे नागरिकांच्या करातून उभे राहिलेले हक्क आहेत. प्रश्न ते मुलापर्यंत पोहोचवण्याचा आहे. अर्ज कुठल्या प्रवर्गातून भरायचा, बोनाफाईड कुणाच्या सहीने लागते, त्रुटी निघाली तर ती किती दिवसांत दुरुस्त करायची, हे सांगणारा एक माणूस कॉलेजात नसला तर योजना कागदावरच राहते. शिष्यवृत्तीचे काम पाहणारा लिपिक हा गरीब विद्यार्थ्याच्या आयुष्यातला फार महत्त्वाचा माणूस असतो. तो मनापासून काम करणारा असेल तर एक पिढी उभी राहते. अशा लिपिकांची, शिपाईमामांची, वसतिगृहाच्या अधीक्षकांची नावे कुठल्याच अहवालात येत नाहीत. त्यांचे ऋण अनेक सुशिक्षित घरांवर आहे.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह थाटले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला बसत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटाला घालण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. श्रम करून शिकणाऱ्या मुलाला मान वर करून चालता आले पाहिजे, ही कर्मवीरांची अट होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याच्या पोटापाण्याप्रमाणे कॉलेजने आपले घड्याळ बदलले. १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय निघाले आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली मुले तिथे आली. पुण्यात अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. ग्रामीण भागातून आलेल्या गरजू मुलांना तिथे अल्प खर्चात राहणे-जेवण आणि त्याबरोबर वडीलधाऱ्यांची साथ मिळते. या सगळ्या कामांत एक सूत्र दिसते. मुलाला निवारा द्यायचा, पोटभर जेवण द्यायचे, काम द्यायचे, आणि त्याला कुणाचे उपकार झेलतो आहोत असे वाटू द्यायचे नाही.

त्या सूत्रातला हा शेवटचा धागा सर्वात नाजूक आहे आणि तोच आज ठिकठिकाणी तुटतो. डॉ. सुखदेव थोरात हे अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यातले, मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या समितीचेही अध्यक्ष झाले. त्या समितीचा २००७ चा अहवाल अस्वस्थ करणारा आहे. शिकवणीच्या वर्गापासून वसतिगृह, भोजनगृह आणि खेळाच्या मैदानापर्यंत दुजाभाव कसा पोहोचतो, हे त्यात नोंदवले आहे. २०१६ मध्ये हैदराबादेत रोहित वेमुला हा संशोधक विद्यार्थी आत्महत्येने गेला. २०१९ मध्ये मुंबईत पायल तडवी ही जळगावकडची आदिवासी डॉक्टर तशीच गेली. त्याच वर्षी त्या दोघांच्या आयांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि शिक्षणसंस्थांमधल्या भेदभावाला आळा घालणारी यंत्रणा प्रत्यक्षात चालावी, अशी मागणी केली. आपले मूल गमावलेल्या आईला दुसऱ्यांच्या मुलांसाठी न्यायालयात उभे राहावे लागते, हे विसरून सामाजिक न्यायाचा कोणताही दिन साजरा करता येणार नाही. गरिबीची अडचण पैशाने कमी होते. अपमानाची अडचण संस्थेच्या धाकाने आणि माणसांच्या वागण्यानेच कमी होते. ज्या कॉलेजात टोमणा मारणाऱ्याला कोणी अडवत नाही, तिथे शिष्यवृत्ती वेळेवर आली तरी मूल टिकेलच असे नाही.

काय करावे, हे अवघड कोडे नाही. प्रत्येक कॉलेजने पहिल्या दिवसापासून एक मदत खिडकी ठेवावी आणि तिथे बसणाऱ्या माणसाचे नाव व फोन नंबर दर्शनी फलकावर लिहावा. शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून सरकारने भरायची फी दारात मागू नये. प्राचार्यांच्या हाती एक छोटा निधी असावा, ज्यातून दोन-पाच हजार रुपये त्याच दिवशी, जादा कागद न मागता देता येतील. परत आले तर उत्तम, न आले तरी एक वर्ष वाचले. पहिले सत्र दोन्ही भाषांत शिकवावे, पारिभाषिक शब्द इंग्रजी ठेवून स्पष्टीकरण मराठीत द्यावे, आणि जिथे वर्गात आदिवासी मुले जास्त तिथे त्यांची बोली येणारा वरच्या वर्गाचा विद्यार्थी मदतीला घ्यावा. त्याच तालुक्यातून आलेल्या, आता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाशी नव्या मुलाची गाठ घालून द्यावी. ‘मीही पहिल्या सत्रात नापास झालो होतो’ हे त्याच्या तोंडून ऐकले की जे धैर्य येते ते समुपदेशनाच्या फलकातून येत नाही. पुस्तकपेढी ऑगस्टच्या आत सुरू व्हावी. सलग आठवडाभर न दिसलेल्या मुलाला नोटीस पाठवण्याआधी फोन करावा. सरकारने वसतिगृहांच्या याद्या वर्ग सुरू होण्याआधी लावाव्यात आणि निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेश पक्का होताच द्यावा. उरलेली पडताळणी नंतर करता येते.

अशा सोयींनी मुले परावलंबी होतील, गुणवत्ता घसरेल, असा आक्षेप काही जाणकार प्रामाणिकपणे घेतात. त्याचा विचार व्हायला हवा. सुखवस्तू घरातल्या मुलाला कॉलेजात पाठवताना आपण काय काय देतो? बारावीआधीच क्लास, अभ्यासाची वेगळी खोली, लॅपटॉप, अडले की फोन उचलणारा काका, आजारी पडले की गाडी घेऊन येणारे वडील. या आधाराने ते मूल परावलंबी झाले, असे कोणी म्हणत नाही. तोच आधार ज्याच्या घरी नाही त्याला संस्थेने दिला तर गुणवत्ता खाली येत नाही. तिला वाव मिळतो. बारा किलोमीटर सायकल मारून, रात्री शेतावर पाणी धरून बारावीला साठ टक्के मिळवणाऱ्या मुलाची कुवत त्या साठ टक्क्यांत मावत नाही. तिला फुलायला थोडा वेळ आणि निश्चिंतपणा हवा असतो. परीक्षा त्याने इतरांसारखीच द्यावी, प्रश्नपत्रिकेत सूट कोणी मागत नाही. मात्र परीक्षेला बसेपर्यंत त्याला टिकवणे हे संस्थेचे कर्तव्य आहे.

हे काम सरकार आणि कॉलेज यांच्यावर सोडून इतरांना मोकळे होता येणार नाही. ज्यांनी एकेकाळी वार लावून जेवत, वसतिगृहात राहून, कमवा आणि शिका योजनेत काम करत पदवी घेतली, ते आज अधिकारी, वकील, डॉक्टर, प्राध्यापक, उद्योजक आहेत. काही पुण्या-मुंबईत आहेत, काही परदेशात. त्यांनी आपल्या जुन्या कॉलेजला हॉल बांधून दिला तर आनंदच आहे. त्याआधी दहा मुलांच्या वर्षभराच्या मेसची सोय करावी आणि महिन्यातून एकदा त्या मुलांशी बोलावे. शहरातल्या कुटुंबांनी रिकामी खोली भाड्याने देताना मुलाचे आडनाव विचारणे बंद करावे. सहाध्यायांनी वर्गणी मागताना ‘ज्याला जमेल त्याने’ एवढे तीन शब्द जोडावेत. या गोष्टी लहान दिसतात, पण मूल कॉलेजात राहते की जाते हे अनेकदा त्यांवरच ठरते.

येत्या २२ सप्टेंबरला कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती येईल. तोवर राज्यातल्या बहुतेक कॉलेजांत वर्ग सुरू होऊन काही आठवडे झालेले असतील. त्या दिवशी प्रत्येक कॉलेजने हाराबरोबर एक माहितीही मांडावी. आमच्याकडे या वर्षी घरातले पहिलेच शिकणारे किती विद्यार्थी आले, त्यांतले किती आज वर्गात आहेत, जे नाहीत ते का नाहीत, आणि त्यांना परत आणण्यासाठी आम्ही काय केले. ती माहिती कॉलेजच्या फलकावर लागावी, विद्यापीठाने मागून घ्यावी, पालकांनी विचारावी, पत्रकारांनी छापावी. प्रवेशाचे आकडे आपण अभिमानाने सांगतो. यापुढे टिकलेल्यांचे आकडेही त्याच अभिमानाने सांगण्याची सवय संस्थांना लागली पाहिजे. शाहू महाराजांनी मुलांना बोलावून घेतले आणि ती राहावीत अशी व्यवस्थाही केली. त्यांच्या नावाने दिवस पाळणाऱ्या महाराष्ट्राने या वर्षी यातले दुसरे काम मनावर घ्यावे.